साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (जन्म : पालगड, रत्नागिरी जिल्हा, २४ डिसेंबर १८९९, मृत्यू : मुंबई, ११ जून १९५०) हे मराठी लेखक, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक व समाजसुधारक होते. ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे लेखक आणि पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण करणारे सत्याग्रही म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांच्या नावापुढे जडलेले ‘गुरुजी’ हे संबोधन मात्र खानदेशातील अमळनेर येथे त्यांनी केलेल्या अवघ्या सहा वर्षांच्या शिक्षकी पेशातून आले. या काळात माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी वर्गाबाहेर त्यांनी चालविलेले उपक्रम, म्हणजे छात्रालयातील सहजीवन, हस्तलिखित दैनिक, विद्यार्थ्यांचे मासिक, सायंप्रार्थना व कथाकथन, हे त्यांच्या पुढील साहित्यिक व सार्वजनिक कार्याचे बीज ठरले.

बालपण

साने गुरुजींचा जन्म आजच्या दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. त्यांचे वडील सदाशिवराव हे गावात भाऊराव या नावाने ओळखले जात. आईचे नाव यशोदाबाई होते. साने घराणे खोताचे. आजोबांच्या काळी घरची स्थिती चांगली होती, पण सदाशिवरावांच्या वेळी ती खालावत गेली. कर्ज वाढले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि घरावर जप्ती आली. सदाशिवराव लोकमान्य टिळकांचे अनुयायी होते व स्वदेशीच्या चळवळीत त्यांनी कारावासही भोगला होता. कुटुंबाची ही पडती बाजू आणि त्यातही मुलांवर चांगले संस्कार व्हावेत यासाठी आईने केलेली धडपड यांचा खोल ठसा पांडुरंगाच्या मनावर उमटला. १९१७ मध्ये यशोदाबाईंचा मृत्यू झाला. त्या वेळी पांडुरंग शिक्षणासाठी घरापासून दूर होते; आईची अखेरची भेट त्यांना होऊ शकली नाही.

शिक्षण

प्राथमिक शिक्षण पालगडला झाल्यावर पुढील शिक्षणासाठी त्यांना दापोलीच्या मिशन शाळेत घालण्यात आले. घरची ओढगस्त वाढल्यामुळे दापोलीत राहून शिकणे कठीण झाले. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होऊ शकते असे समजल्यावर ते औंधला गेले. तेथे हाताने स्वयंपाक करणे, अर्धपोटी राहणे, एका वस्त्रावर दिवस काढणे हे सारे त्यांच्या वाट्याला आले. प्लेगच्या साथीमुळे औंधही सोडावे लागले व ते पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात दाखल झाले. १९१८ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजेच आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, १९२२ मध्ये त्यांनी बी.ए. ही पदवी मिळविली. त्यानंतर ते एम.ए. झाले.

शालेय वयात परक्या गावी, परक्यांच्या आधाराने शिकणाऱ्या मुलाला काय सोसावे लागते याचा हा अनुभव त्यांच्या पुढच्या कामाचा पाया ठरला. ‘श्याम’ व ‘धडपडणारा श्याम’ या आत्मचरित्रात्मक पुस्तकांत या दिवसांचे सविस्तर चित्रण आहे. औंधच्या खोलीत मित्राने आणून दिलेली भाकरी, शाळेच्या ग्रंथालयातून मिळालेले पुस्तक, आपुलकीने विचारपूस करणारा एखादा शिक्षक या गोष्टी अशा मुलाच्या आयुष्यात किती मोलाच्या असतात, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

अमळनेर येथे आगमन

अमळनेर हे त्या वेळी पूर्व खानदेश जिल्ह्यातील बोरी नदीच्या काठचे तालुक्याचे गाव होते. प्रताप शेठ या उद्योगपतींमुळे तेथे कापडगिरणी, शाळा आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली होती. तत्त्वज्ञान मंदिर या नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्याच्या इच्छेने साने गुरुजी या संस्थेत आले. मात्र तेथील केवळ तात्त्विक चर्चेत त्यांचे मन रमले नाही. जून १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले.

शाळेत ते भाषा व इतिहास यांसारखे विषय शिकवीत. संकोची स्वभाव, खादीचे साधे कपडे आणि खाली पाहून चालण्याची सवय असलेल्या या शिक्षकाचा वर्गावर प्रभाव पडेल असे प्रथमदर्शनी वाटत नसे. परंतु शिकवण्यातील तळमळ, अवांतर वाचनाचा साठा आणि गोष्टीतून विषय उलगडण्याची हातोटी यांमुळे विद्यार्थ्यांना त्यांचा लळा लागला. काही काळाने शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविण्यात आली.

छात्रालय

त्या काळी माध्यमिक शाळा मोजक्याच गावी होत्या. खेड्यातील मुलाला इंग्रजी शिक्षण घ्यायचे तर घर सोडून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहावे लागे. अमळनेरच्या छात्रालयात खानदेशातील निरनिराळ्या खेड्यांतून आलेली मुले राहत. त्यांच्या दृष्टीने शाळेचे तास संपल्यानंतरचा वेळच अधिक मोठा असे. सकाळ, संध्याकाळ, सुटीचा दिवस आणि आजारपण हे सारे घरच्या माणसांवाचून काढायचे असे. या वेळेचे काय करायचे हा छात्रालयाच्या प्रमुखासमोरचा खरा प्रश्न होता. नियम आणि शिक्षा हे त्याचे रूढ उत्तर होते. साने गुरुजींनी त्याऐवजी स्वतःच्या वागणुकीचे उत्तर दिले.

एखाद्या मुलाची खोली अस्वच्छ दिसली तर ते त्याला रागावत नसत. मुलगा शाळेत गेला की ते स्वतः त्याची खोली झाडून ठेवीत, पसरलेल्या वस्तू नीट लावीत आणि कपड्यांच्या घड्या घालीत. मळके कपडे धुऊन टाकीत. परत आलेल्या मुलाला हे काम कोणी केले हे कळत असे आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच खोली झाडू लागे. आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र रात्र बसत. फी किंवा पुस्तकांसाठी अडलेल्या मुलांना पगारातून मदत करीत. मुले स्वावलंबी व्हावीत, कोणतेही काम हलके मानू नये आणि सोबत्याच्या अडचणीला धावून जावे, ही शिकवण त्यांनी उपदेशाने न देता अशा रोजच्या कृतींतून दिली.

संध्याकाळची प्रार्थना हा छात्रालयाच्या दिनक्रमातील महत्त्वाचा भाग होता. प्रार्थनेनंतर गुरुजी गोष्टी सांगत. पुराणकथा, संतांची चरित्रे, देशोदेशींच्या थोर व्यक्तींचे प्रसंग आणि स्वतःच्या बालपणीच्या आठवणी असे या गोष्टींचे स्वरूप असे. पुढे ‘श्यामची आई’ या पुस्तकाची जी रचना झाली, तिच्यात आश्रमातील सायंप्रार्थनेनंतर श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. छात्रालयातील कथाकथनाशी असलेले या रचनेचे साम्य सहज लक्षात येण्यासारखे आहे.

‘छात्रालय’ दैनिक

साने गुरुजींच्या उपक्रमांतील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण उपक्रम म्हणजे ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक. त्या काळातील अनेक शाळांमध्ये विद्यार्थ्यांची हस्तलिखित मासिके किंवा वार्षिके निघत. त्यांत सुवाच्य अक्षराच्या मुलांनी उतरवून काढलेले निबंध, कविता व चित्रे असत आणि ती स्नेहसंमेलनाच्या सुमारास मांडली जात. वर्षातून एकदा किंवा महिन्यातून एकदा निघणाऱ्या अशा अंकाची जागा गुरुजींनी रोज निघणाऱ्या पत्राला दिली, आणि त्याच्या लेखनाचा भार स्वतःच्या शिरावर घेतला.

मुले झोपेत असताना पहाटे उठून गुरुजी हा अंक लिहून काढीत व तो मुलांना दिसेल अशा ठिकाणी लावीत. सकाळी उठलेली मुले त्याभोवती गोळा होत. देशातील घडामोडी, थोरांची चरित्रे, विज्ञानातील शोध, साहित्य व कला यांची ओळख, एखादी कविता आणि छात्रालयाच्या जीवनाविषयी दोन शब्द असा त्यात मजकूर असे. एखाद्या मुलाने चांगले काम केले तर त्याचा गौरवाने उल्लेख होई. चूक झाली असल्यास कोणाचे नाव न घेता सर्वांनाच हळुवारपणे समजावले जाई.

या दैनिकाचे महत्त्व दोन दृष्टींनी होते. मॅट्रिकच्या परीक्षेपुरते नेमलेल्या पाठ्यपुस्तकांच्या पलीकडचे जग खेड्यातून आलेल्या मुलांपर्यंत रोज पोहोचू लागले, हा त्याचा उघड लाभ होता. अनेक मुलांच्या घरी वर्तमानपत्र येत नसे; त्यांच्या हाती मातृभाषेतून, त्यांच्या वयाला समजेल असे रोजचे वाचन आले. दुसरा लाभ गुरुजींच्या स्वतःच्या लेखनाला झाला. रोज ठरावीक वेळी, ठरावीक वाचकांसाठी, त्यांना कळेल व रुचेल अशा भाषेत लिहिण्याच्या या नेमातून त्यांची सोपी, बोलकी आणि लहान लहान वाक्यांची शैली घडत गेली. पुढे तुरुंगात त्यांनी ज्या झपाट्याने पुस्तके लिहिली, त्यामागे या सरावाचा वाटा मोठा होता.

‘विद्यार्थी’ मासिक

हस्तलिखित दैनिकाचा वाचकवर्ग एका छात्रालयापुरता मर्यादित होता. अन्य शाळांतील मुलांपर्यंतही असा मजकूर जावा या हेतूने १९२८ मध्ये साने गुरुजींनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. त्यातून चरित्रे, निबंध, गोष्टी व राष्ट्रीय विचारांचे लेखन प्रसिद्ध होत असे. हा काळ राजकीय दृष्ट्या अस्वस्थ होता. १९२८ मध्येच सायमन आयोगावरील बहिष्कार आणि बारडोलीचा सत्याग्रह या घटना घडल्या. स्वातंत्र्याच्या प्रश्नापासून विद्यार्थ्यांनी अलिप्त राहावे असे गुरुजींना वाटत नव्हते, पण विद्यार्थ्याने आधी जाणते व्हावे, वाचावे व विचार करावा यावर त्यांचा भर होता. खादीचा वापर, ग्रामसफाई आणि जातिभेद न पाळणे या गोष्टी त्यांच्या दृष्टीने राजकारणाइतक्याच शिक्षणाचाही भाग होत्या.

नोकरीचा त्याग

मार्च १९३० मध्ये महात्मा गांधींनी दांडीयात्रा काढली आणि देशभर सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. विद्यार्थ्यांना त्यागाच्या व देशसेवेच्या गोष्टी सांगायच्या आणि स्वतः मात्र सुरक्षित नोकरीत राहायचे, ही विसंगती गुरुजींना असह्य झाली. २९ एप्रिल १९३० रोजी त्यांनी शाळेची नोकरी सोडली व ते सत्याग्रहात सामील झाले. मुलांचा निरोप घेणे त्यांना अत्यंत जड गेले.

त्या वर्षी शिक्षणक्षेत्राशी संबंध आलेल्या अनेक व्यक्तींनी चळवळीत उडी घेतली. जेथे समुद्रकिनारा नव्हता अशा वऱ्हाडात मिठाऐवजी जंगलचा कायदा मोडण्यात आला. १० जुलै १९३० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे जंगल सत्याग्रहाला प्रारंभ करणारे लोकनायक माधव श्रीहरी अणे हे वणीचे असून वकिली सुरू करण्यापूर्वी त्यांनी अमरावतीच्या काशीबाई खाजगी हायस्कूलमध्ये काही वर्षे शिक्षकाचे काम केले होते. अणे यांचा मार्ग वकिलीतून राजकारणाकडे गेला. साने गुरुजी मात्र तुरुंगात गेल्यावरही मनाने शिक्षकच राहिले.

तुरुंगवास आणि लेखन

१९३० च्या चळवळीत गुरुजींना धुळे येथे व नंतर तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथील तुरुंगात ठेवण्यात आले. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या राजबंद्यांचा सहवास त्यांना लाभला. त्यांनी तेथे तमिळ भाषेचा अभ्यास केला आणि तिरुवळ्ळुवर यांच्या ‘कुरळ’ या प्राचीन तमिळ ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. आपण भारतीय असूनही शेजारच्या प्रांताची भाषा व साहित्य आपल्याला ठाऊक नसते, ही जाणीव त्यांना येथे तीव्रतेने झाली. आंतरभारतीच्या कल्पनेचा उगम या अनुभवात आहे.

१९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबा भावे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी भगवद्गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन देत असत. ही प्रवचने साने गुरुजींनी भराभर लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ या नावाने प्रसिद्ध झालेला आणि पुढे अनेक भाषांत अनुवादित झालेला ग्रंथ त्यांच्या या लेखनामुळेच उपलब्ध झाला.

नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिण्यास प्रारंभ केला आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे, म्हणजे पाच दिवसांत, ते लेखन पूर्ण केले. दिवसा तुरुंगातील काम आणि रात्री लेखन असा त्यांचा क्रम होता. १९३५ मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ४२ रात्रींच्या आठवणींत विभागलेल्या या पुस्तकात कोकणातील एका गरीब घरातील आई आणि तिचा मुलगा यांचे नाते चित्रित झाले आहे. आचार्य प्र. के. अत्रे यांनी या पुस्तकावरून काढलेला चित्रपट १९५३ मध्ये प्रदर्शित झाला. उत्कृष्ट चित्रपटासाठी दिले जाणारे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला चित्रपट होय.

साने गुरुजींनी कादंबऱ्या, कथा, कविता, चरित्रे, निबंध आणि अनुवाद अशा विविध प्रकारांत विपुल लेखन केले. ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत छात्रालयाचे वातावरण आणि ध्येयवादी विद्यार्थ्यांचे जीवन आले आहे. ‘भारतीय संस्कृती’ या ग्रंथात अद्वैत, कर्म, भक्ती, ज्ञान, संयम यांसारख्या कल्पनांचा समाजजीवनाशी असलेला संबंध त्यांनी सोप्या भाषेत मांडला. ‘पत्री’ हा त्यांचा कवितासंग्रह होय. ‘गोड गोष्टी’ या मालेतून त्यांनी जगातील काही श्रेष्ठ कलाकृती मुलांसाठी मराठीत आणल्या. व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझेराब्ल’ या फ्रेंच कादंबरीवर आधारित ‘दुःखी’ हे पुस्तक त्यांपैकीच आहे. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ या नावाने संग्रहित आहेत.

राजकीय व सामाजिक कार्य

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन होते. ते यशस्वी व्हावे यासाठी साने गुरुजींनी खेडोपाडी फिरून प्रचार केला. ६ एप्रिल १९३८ पासून त्यांनी अमळनेर येथून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक चालविले. शेतकऱ्यांची कर्जे व शेतसारा आणि गिरणीकामगारांच्या मागण्या या प्रश्नांवर त्यांनी लढे दिले. या कामात त्यांचे अनेक माजी विद्यार्थी त्यांच्या सोबत होते. छात्रालयातील ऋणानुबंध अशा रीतीने सार्वजनिक जीवनात टिकून राहिले. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले. मुंबईत मूषक महाल या नावाने प्रसिद्ध झालेल्या जागेत भूमिगत कार्यकर्त्यांसोबत राहून त्यांनी प्रचारपत्रके लिहिली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांना अटक झाली.

राष्ट्र सेवा दल

४ जून १९४१ रोजी पुणे येथे राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी करण्यात आली व एस. एम. जोशी हे दलप्रमुख झाले. शालेय वयातील मुलामुलींना जात व धर्म यांच्या पलीकडे जाऊन एकत्र आणणे, आणि राष्ट्रवाद, लोकशाही, समाजवाद व धर्मनिरपेक्षता या मूल्यांचे संस्कार त्यांच्यावर करणे, हा दलाचा उद्देश होता. शाळा सुटल्यावर भरणारी शाखा, खेळ, कवायत, बौद्धिक, समूहगीत, श्रमदान आणि सुटीतील शिबिरे असे त्याच्या कामाचे स्वरूप होते. साने गुरुजी दलाचे संघटक नव्हते, पण त्यांची गाणी, गोष्टी आणि शिबिरांतील भाषणे यांमुळे सैनिकांवर त्यांचा प्रभाव फार मोठा होता. एका छात्रालयाच्या चार भिंतींत त्यांनी जे केले होते, तेच येथे मैदानावर आणि अनेक गावांत होत होते. मात्र छात्रालय मुलांचे होते. दलाच्या शाखेत मुलींनाही बरोबरीचे स्थान होते.

पंढरपूर मंदिरप्रवेश

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले नव्हते. संतांनी समतेचा पुकारा केलेल्या दैवताच्या दारातच भेदभाव पाळला जावा, हे गुरुजींना सहन होत नव्हते. १९४६ च्या अखेरीस त्यांनी यासाठी आमरण उपोषणाचा निश्चय जाहीर केला. लोकमत तयार करण्यासाठी काही अवधी द्यावा या सहकाऱ्यांच्या आग्रहावरून ते उपोषण पुढे ढकलून त्यांनी महाराष्ट्राचा दौरा केला. सेनापती बापट या दौऱ्यात सहभागी होते. सेवा दलाच्या कलापथकाने गीते व लोकनाट्यांच्या साहाय्याने गावोगाव हा विषय लोकांपुढे मांडला. अनेक गावांतील मंदिरे व पाणवठे या काळात सर्वांना खुले झाले.

१ मे १९४७ रोजी पंढरपूर येथे तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजींनी उपोषणास प्रारंभ केला. अपुऱ्या माहितीमुळे प्रथम गांधीजींनीही उपोषण सोडण्याविषयी त्यांना कळविले होते. ज्यांना ते गुरुस्थानी मानत त्यांचा सल्ला न मानण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. तरीही ते निश्चयापासून ढळले नाहीत. ग. वा. मावळंकर यांनी मध्यस्थी केली. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर उपोषण समाप्त झाले.

‘साधना’ आणि आंतरभारती

३० जानेवारी १९४८ रोजी झालेल्या महात्मा गांधींच्या हत्येने गुरुजींना जबर धक्का बसला व त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केले. हे साप्ताहिक आजही प्रसिद्ध होत आहे.

१९४९ मध्ये पुणे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. रवींद्रनाथ टागोर यांच्या विश्वभारतीपासून त्यांनी तिची प्रेरणा घेतली होती. निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, साहित्याचे अनुवाद व्हावेत आणि त्यातून भारतीयांची परस्परांशी ओळख वाढावी, असे या योजनेचे स्वरूप होते. संस्थेसाठी निधी जमविण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. परंतु त्यांच्या हयातीत ती प्रत्यक्षात उतरली नाही.

मृत्यू

स्वातंत्र्यानंतरच्या काळात जातीय व धार्मिक द्वेष, ध्येयवादाचा ऱ्हास आणि स्वप्न व वास्तव यांतील अंतर यांमुळे साने गुरुजी अधिकाधिक उदास होत गेले. त्यांच्या स्वभावात मुळातच खिन्नतेची छटा होती. झोपेच्या गोळ्या घेऊन त्यांनी आपले जीवन संपविले; ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ५० वर्षांचे होते. आयुष्यभर मुलांना धीर देणाऱ्या माणसाचा असा शेवट व्हावा याची हळहळ महाराष्ट्रात दीर्घकाळ व्यक्त होत राहिली.

मूल्यमापन

साने गुरुजींच्या लेखनावर अतिभावुकतेचा आक्षेप घेतला गेला. त्यांच्या कथांतील पात्रे वारंवार रडतात, सज्जन व दुर्जन यांची विभागणी ठळक असते आणि कलात्मक संयमापेक्षा संस्काराचा हेतू वरचढ ठरतो, असे समीक्षकांचे म्हणणे आहे. हा आक्षेप निराधार नाही. मात्र हे लेखन प्रामुख्याने ज्यांच्यासाठी झाले त्या कुमारवयीन वाचकांनी ते पिढ्यानपिढ्या आपलेसे केले, हेही तितकेच खरे आहे.

शिक्षक म्हणून त्यांच्या कार्यालाही मर्यादा होत्या. त्यांचे उपक्रम एका व्यक्तीच्या श्रमांवर व प्रेमावर उभे होते. पहाटे उठून रोज अंक लिहिणारा शिक्षक गेला की दैनिक चालविणे अवघड होते. त्यांनी शिक्षणशास्त्राचा ग्रंथ लिहिला नाही किंवा आपल्या पद्धतीची नियमावली मागे ठेवली नाही. परंतु वर्गातील तास आणि परीक्षा यांच्या बाहेरचा वेळ हाही शिक्षणाचाच वेळ आहे, आणि त्या वेळेत मुलांना वाचायला, लिहायला, सेवा करायला व एकत्र राहायला शिकवता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले.

वारसा

साने गुरुजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या कामाचे धागे अनेकांनी पुढे नेले. प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय साने गुरुजी कथामाला सुरू झाली. तिच्यामार्फत गावोगावच्या शाळांत कथाकथनाचे कार्यक्रम व स्पर्धा होऊ लागल्या आणि छात्रालयातील संध्याकाळच्या गोष्टींना संस्थेचे रूप मिळाले. ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादन पुढे आचार्य शं. द. जावडेकर, रावसाहेब पटवर्धन, यदुनाथ थत्ते यांसारख्या मान्यवरांनी केले. आंतरभारतीच्या विचारातून विद्यार्थ्यांची आंतरप्रांतीय शिबिरे, परस्परभेटी व अनुवादाचे उपक्रम झाले. रायगड जिल्ह्यातील वडघर येथे साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक उभारण्यात आले असून तेथे मुलांची व युवकांची शिबिरे भरतात.

विदर्भात या प्रेरणेचे ठळक उदाहरण बाबा आमटे यांच्या कार्यात दिसते. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी भागापासून वर्धा नदीपलीकडे असलेल्या वरोरा येथे त्यांनी आनंदवन उभारले. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे १९६७ पासून भरत आलेल्या श्रमसंस्कार छावणीत तरुण-तरुणी एकत्र राहून श्रमदान करतात. १९८५ मध्ये बाबांनी कन्याकुमारीहून काढलेल्या भारत जोडो सायकल यात्रेत निरनिराळ्या प्रांतांतील तरुण सामील झाले होते. साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या स्वप्नाशी या यात्रेचे नाते होते.

महाराष्ट्रातील अनेक शाळांत साने गुरुजींनी लिहिलेली प्रार्थना परिपाठाच्या वेळी म्हटली जाते. त्यांच्या जयंतीनिमित्त कथाकथन, वक्तृत्व व निबंध यांच्या स्पर्धा होतात, विद्यार्थी भित्तिपत्रके तयार करतात आणि ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे वाचन केले जाते. विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेले व शाळेच्या फलकावर लागलेले असे प्रत्येक भित्तिपत्रक अमळनेरच्या छात्रालयातील त्या हस्तलिखित दैनिकाशी नाते सांगते.